सहाव्या गाडीची फातिहा

मौलालींच्या घरी मालवाहतुकीची नवी गाडी आली की ती आधी फाटकाबाहेर उभी राहायची. फातिहा झाल्याशिवाय तिला आत घ्यायचं नाही, हा त्यांचा पंचेचाळीस वर्षांचा रिवाज. फातिहा मौलाली द्यायचे आणि चाकापुढं नारळ बिरप्पा फोडायचा. पहिल्या गाडीच्या वेळी दोघांनीच हे ठरवलं होतं. एक मालक, एक ड्रायव्हर, आणि दोघांनाही आपापल्या देवाला विचारल्याशिवाय घाट उतरायचा नव्हता.

आता मौलाली ऐंशीचे होते. बिरप्पा केव्हाचाच ड्रायव्हरकी सोडून मंगळवेढ्याकडं आपली मेंढरं बघत होता. तरी नारळ फोडायला तोच लागायचा. रविवारची सकाळ होती, दहा वाजून गेले होते, आणि त्याची एसटी अजून पोचली नव्हती. म्हणून सहावी गाडी झेंडूच्या माळा घालून फाटकाबाहेर उभी होती. दारांवर ताज्या रंगात लिहिलं होतं, 'मौलाली रोडवेज, सोलापूर'. चुलीवर डाळ-मटणाचा दालचा शिजत होता. मुबीन, मौलालींचा थोरला, येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीचं इंजिन दाखवत होता.

त्याची मुलगी अरिबा ओट्यावरून हे बघत होती. शुक्रवारपासून तिला धड जेवण गेलं नव्हतं.

"उद्याच पहिली खेप," मुबीन शेजाऱ्याला सांगत होता. "मोहोळच्या अलीकडनं माल उचलायचा, थेट भिवंडी."

अरिबा ओट्यावरून उतरली. "अब्बा, जरा ऑफिसात येता?"

ऑफिस म्हणजे पुढची खोली. एक टेबल, भिंतीवर पाच गाड्यांचे पाच फोटो, आणि कपाटात मालाबरोबर जाणाऱ्या पावत्यांची, बिल्ट्यांची पुस्तकं. तिनं दार लोटून घेतलं.

"मोहोळची खेप पाठवू नका."

"का गं?"

"मी शुक्रवारी त्या शेडवर गेले होते. शिवशरण सरांनी नोकरीला बोलावलं होतं."

शिवशरण हा तिच्या आधीच्या औषध कंपनीतला वरिष्ठ केमिस्ट. कंपनी दिवाळीला बंद पडली, तेव्हापासून एम. एस्सी. झालेली अरिबा घरी होती. मुबीनला वाटलं, पोरगी नोकरीची खुशखबर सांगतेय.

"अरे वा. मग बरंच झालं की."

"पगार पहिल्याच्या तिप्पट सांगितला. अटी दोनच. फोन फाटकावर ठेवायचा आणि काय बनतंय ते विचारायचं नाही." ती क्षणभर थांबली. "बाहेर पाटी नाही. पिंपांवरची लेबलं खरवडलेली. मी विचारलं नाही अब्बा, पण मला वासावरनं आणि सामानावरनं कळलं. मी शिकलेय तेच."

"रंगाचं केमिकल असतंय ते. बिल्टीवर तेच लिहितो आपण."

"रंगाच्या कारखान्यात टॉवेलचे गठ्ठे कशाला लागतात?"

मुबीननं भिंतीवरच्या पाचव्या गाडीच्या फोटोकडं बघितलं.

"एक गठ्ठा अर्धा शिवलेला होता," ती म्हणाली. "खाली टॉवेल, वर टॉवेल, मधे पांढऱ्या पुडीच्या पिशव्या. एमडी आहे ती. झोप उडवणारी, भूक मारणारी नशा. आणि टेबलावर आपलं बिल्टी बुक होतं. 'मौलाली रोडवेज', दादांचं नाव छापलेलं."

"शिवशरणला माहीत हाय, तू माझी पोरगी ते?"

"नाही. त्यांना मी फक्त अरिबा शेख म्हणून माहीत आहे. सोमवारी सांगते म्हणून आले."

बाहेर कुणीतरी नव्या गाडीचा हॉर्न वाजवून बघितला. मुबीन खुर्चीत बसला.

*

भाड्यात घासाघीस न करणारं गिऱ्हाईक चांगलं नसतं, हे मुबीनला अठराव्या वर्षी बापानं शिकवलं होतं. शेडवाल्यांनी एकदाही घासाघीस केली नव्हती. माल भरताना ते ड्रायव्हरला चहाला पाठवायचे. वजनकाट्यावर गाडी चढवू द्यायचे नाहीत. मुबीननं हे सगळं पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी काम आठवून घेतलं होतं. सहावी गाडी या खेपांच्या पैशावर आली होती. ते त्याला माहीत होतं आणि आज सकाळपासून तो तिचंच इंजिन लोकांना दाखवत होता.

फिरदोस चहा घेऊन आत आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं कप तसाच टेबलावर ठेवला. मग तिच्यामागं सुगराबी आल्या, मुबीनच्या आई. अरिबानं पुन्हा सगळं सांगितलं.

"खेप बंद करू," मुबीन म्हणाला. "गाडी बिघडली म्हणून सांगतो. उद्यापासनं आपला त्यांचा संबंध नाय. विषय संपला."

"आपला संपला," अरिबा म्हणाली. "ते दुसरी गाडी बघतील."

"बघू देत की. सगळ्या जिल्ह्याचा मक्ता मी घेतलाय का?"

"पोलिसांना सांगायला पाहिजे."

"आणि पहिला आत कोण जाईल? मी. बिल्टीवर सही माझी. पेपरात त्या शेडवाल्याचं नाव येणार नाय, माझं येईल. मोठ्या अक्षरात येईल. तुला कळतंय ना का ते?"

अरिबाला कळत होतं. या घरात ते कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"नातेपुत्याचे पाहुणे पुढल्या महिन्यात तारीख काढायला येणार हायेत," फिरदोस हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या लग्नाची तारीख. ते येतील का मग?"

"नाही आले तर नाही आले, अम्मी."

"बोलणं सोपं हाय."

सुगराबी पुढं आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मोहोळच्या खेपा कोण नेत होतं?"

मुबीननं मान खाली घातली. "आतिफ."

आतिफ म्हणजे मुबीनच्या मयत भावाचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो चार वर्षांचा होता, सुगराबींनीच त्याला वाढवलं. आता चोवीस वर्षांचा होता आणि पाच नंबरची गाडी चालवायचा.

"मग पोलीस नाय," सुगराबी म्हणाल्या. "अरिबा, तू शिकलीस, मला तुझा अभिमान हाय. पण बिनबापाच्या पोराला मी तुरुंगात घालणार नाय. गाडी बंद करा आणि गप बसा."

तिघं एका बाजूला झाले. अरिबा एकटी दुसऱ्या बाजूला उरली. तेवढ्यात ओट्यावरून मौलालींचा आवाज आला. ते लाडात असले की दखनी बोलायचे आणि रागावले की मराठी. आता दखनी बोलत होते.

"चलो गे सब जने! बिरप्पा आगया."

*

बिरप्पा एकटाच आला होता. खांद्यावर घोंगडी, हातात पिशवी, पिशवीत नारळ. दर वेळी तो आला की आधी गाडीभोवती फिरायचा, टायरांना हात लावायचा, पुढच्या काचेत बघून फेटा सारखा करायचा. आज तो सरळ ओट्यावर येऊन भिंतीला टेकून बसला.

सुगराबींनी त्याला पाण्याचा तांब्या दिला. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी या माणसाला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बिरप्पा, बरं हाय ना?"

"बरं हाय आक्का." तो पाणी न पिता म्हणाला. "माउली दवाखान्यात हाय. नऊ दिस झालं."

माउली हा त्याचा धाकटा, एकोणतीस वर्षांचा. दुधाचा टँकर चालवायचा.

"अपघात?" मौलालींनी विचारलं.

"न्हाय मालक. कायतरी पूड खात हुता. झोप येऊ ने म्हून ढाब्यावर कुणी दिली पयल्यांदा. फुकाट दिली. मग इकत घ्यायला लागला." बिरप्पा तांब्याकडं बघत बोलत होता. "च्यार-च्यार दिस झोपायचा न्हाय. म्हणायचा, आबा, भिताडात मानसं हायती. मी येक दिस रानातनं आलो तर वाड्यात येक मेंढरू न्हाय. सगळी इकली. सून ल्हान पोराला घिऊन म्हायेरी गेली."

आतिफ पायरीवर बसला होता. त्यानं हातातली झेंडूची माळ खाली ठेवली.

"कुठं मिळती ती पूड?" मुबीननं विचारलं.

"हितंच की, सोलापुरात. फोनवर सांगायचं. ते इचारत्यात, चादर पायजे का नॅपकिन? चादर म्हंजी मोठी पुडी, नॅपकिन म्हंजी बारकी. मग पोरगं गाडीवर येतंय आन दिऊन जातंय. डाक्टर म्हनला, ह्यो माल मुंबईस्नं येतोय. दुसरा म्हनला, न्हाय, हितनंच जातोय आन हितंच परत येतोय. आपल्याला काय कळतंय?" त्यानं पिशवीतून नारळ काढला. "मी येनार न्हवतो. पर गाडी थांबली आसंल म्हून आलो. चला, नारळ फोडू."

चादर का नॅपकिन. सुगराबी मनात तेच दोन शब्द पुन्हा म्हणत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मौलालींकडं गाडी नव्हती, ते दुसऱ्याच्या गाडीवर होते. सुगराबी दिवसभर टॉवेलांचे काठ शिवायच्या. डझनावर डझन. शहराच्या नावानं जगभर जाणारी चादर, आणि तिच्या कडेला आपला हात, याचा त्यांना केवढा गर्व होता. पहिल्या गाडीच्या किमतीत ते काठ होते. त्यांनी आतिफकडं बघितलं.

आतिफ उठून उभा राहिला होता.

"बिरप्पाकाका, नारळ नको," तो म्हणाला. "तो माल मी नेलाय."

"कसला माल?"

"माउलीदादानं खाल्ला तो. मोहोळच्या अलीकडनं भिवंडीला. सात खेपा. तिसऱ्या खेपेला एक गठ्ठा फाटला होता, मी आत बघितलं." तो थांबला. मग सुगराबींकडं बघत म्हणाला, "तिथल्या माणसानं मला तेव्हा नवा फोन दिला, दादी. तुम्हाला सांगितलं, बक्षीस मिळालं. मी काय बोललो नाय कुणाला."

सुगराबींचे हात मांडीवर होते ते तसेच राहिले. त्यांना वाटलं होतं, पोराला काही माहीत नाही. त्याच भरवशावर त्या नातीला गप्प करायला निघाल्या होत्या.

बिरप्पानं नारळ पुन्हा पिशवीत ठेवला. तो उठला नाही, ओरडला नाही. त्यानं मौलालींकडं बघितलं आणि विचारलं, "तुमाला म्हाईत हुतं, मालक?"

मौलालींना आत्ताच कळत होतं. ते एकेकाच्या तोंडाकडं बघत गेले. मुबीन, फिरदोस, सुगराबी. प्रत्येकानं नजर खाली नेली. अरिबानं नेली नाही.

"नाही," मौलाली मराठीत म्हणाले. "मला माहीत नव्हतं. आता झालंय."

"मी पोलिसांकडं जातो," आतिफ म्हणाला. "एकटा जातो. खेपा मी नेल्या."

"खाली बस," मुबीन म्हणाला.

"बडे अब्बा, मी—"

"बस म्हणलो ना." मुबीन पुढं आला. तो बापाच्या समोर उभा राहिला, पण बोलला बिरप्पाशी. "भाडं मी ठरवलं, बिरप्पा. सही माझी. ड्रायव्हर मालकाच्या शब्दावर जातो, हे तुला कुणी सांगायला नको. मला पण कळत होतं. कळून घेतलं नाय एवढंच. आधी मी जाणार, मी बोलणार. हा माझ्या मागं उभा राहील."

फिरदोसनं नवऱ्याकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात तो चूक कबूल करताना तिनं पाहिला नव्हता. ती आत गेली. सगळ्यांना वाटलं रडायला गेली. ती त्याचा इस्त्रीचा पांढरा सदरा आणि कपाटातली बिल्टी बुकं घेऊन बाहेर आली.

"जायचं तर नीट जावा," ती म्हणाली. "आणि ही पुस्तकं घेऊन जावा. एक पान फाडू नका."

"नातेपुत्याचे पाहुणे?" सुगराबींनी विचारलं.

"त्यांना मी सांगते. आजच फोन करते. बाहेरनं कळण्यापेक्षा."

मौलालींनी काठी मागितली. "मी पण येतो. पाच गाड्या माझ्या नावावर हायेत. नाव माझं, मग बोलावणं कशाला यायला पाहिजे?"

सुगराबी म्हणाल्या, "तुमचा गुडघा."

"गुडघ्याला घेऊन जातो."

निघताना सुगराबींनी आतिफची कॉलर सारखी केली. त्याला जवळ घेतलं नाही, पण हात तिथून लगेच काढलाही नाही. "खरं सांगायचं," त्या म्हणाल्या. "फोनचं पण सांगायचं."

बिरप्पा फाटकापर्यंत आला. मौलालींना रिक्षात चढायला त्यानंच हात दिला. मग तो अरिबाकडं वळला.

"तू वळकलंस का हे?"

"हो काका. उशीर झाला."

"झाला," बिरप्पा म्हणाला. "पर तू बोललीस." आणि तो रिक्षात मौलालींच्या शेजारी जाऊन बसला. पोलीस विचारतील तर माउलीचं तो स्वतः सांगणार होता.

*

गुन्हे शाखेतल्या अधिकारी बाईंनी अरिबाचं म्हणणं तीन तास ऐकलं. शेडचा नकाशा तिनं पेननं काढून दिला, कुठं पिंपं, कुठं गठ्ठे, कुठून आत जायचं. सोमवारी दुपारी, नवी गाडी माल भरायला यायची त्याच वेळी, शेडवर छापा पडला. शिवशरण आणि चौघं जागेवर सापडले. त्यांच्या फोनवरून शहरातल्या दोन पानटपऱ्या आणि एक मोबाईलचं दुकान निघालं, जिथून चादरी आणि नॅपकिन वाटले जात होते. भिवंडीचा माणूस आठवड्यानं सापडला.

मुबीनला अटक झाली. आतिफला पोलिसांनी पंधरा दिवस रोज बोलावलं, नंतर माफीचा साक्षीदार केलं. पाच नंबरची गाडी आणि सगळी बिल्टी बुकं जप्त झाली. नवी गाडी मौलालींनी स्वतःहून परत दिली. "त्या पैशाची गाडी माझ्या फाटकातनं आत आली नाय, बरं झालं," एवढंच ते म्हणाले.

पेपरात नाव आलं, मुबीन म्हणाला होता तसंच, मोठ्या अक्षरात. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी माल देणं बंद केलं. तिसऱ्यानं, एका चादरवाल्यानं, स्वतः घरी येऊन मौलालींना सांगितलं, माझा माल तुमच्याच गाडीनं जाईल. नातेपुत्याच्या पाहुण्यांनी तारीख पुढं ढकलली. मुलगा मात्र अरिबाला रोज फोन करत होता आणि अरिबा कधी उचलत होती, कधी नव्हती. तिला पुण्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेतून मुलाखतीचं पत्र आलं होतं, आणि या वेळी ती आधी तेच बघणार होती.

माउली दवाखान्यातून मंगळवेढ्याला गेला. सून अजून आली नव्हती. आतिफ दर रविवारी एसटीनं तिकडं जायचा. पहिल्या दोन वेळा माउली त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या वेळी म्हणाला, भाकरी खाऊन जा.

मुबीनच्या जामिनाची सुनावणी एका बुधवारी होती. फिरदोस दहा वाजल्यापासून कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर बसली होती. शेजारी सुगराबी होत्या. मौलाली खांबाला टेकून उभे होते, त्यांना बसा म्हणून सांगून दोघी दमल्या होत्या. अरिबा वकिलांबरोबर आत होती.

साडेअकराला पोलिसांनी मुबीनला आणलं. तोच पांढरा सदरा होता, आता चुरगळलेला. वजन उतरलं होतं. फिरदोसला वाटलं होतं, तो मान खाली घालून येईल. तो ताठ चालत आला. बापासमोर एक क्षण थांबला. मौलालींनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात मुलाच्या खांद्यावर ठेवला. शिपायानं तेवढा वेळ जाऊ दिला.

मुबीन आत गेल्यावर एक बाई फिरदोसच्या बाकाशी येऊन उभी राहिली. साधारण तिच्याच वयाची, कपाळावर भस्माचा पट्टा, साडीचा पदर तोंडाशी धरलेला.

"त्याच केसमधले का हो तुमचे?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"हो. मालक माझे."

"माझा भाऊ हाय आत. शिवशरण." बाईनं इकडंतिकडं बघितलं. "कुणीतरी आतल्याच माणसानं सांगितलं म्हणे पोलिसांना. पत्ता लागला का हो तुम्हाला? तुमच्या माणसाला कुणी पकडून दिलं?"

सुगराबींनी सुनेकडं बघितलं. फिरदोस म्हणू शकली असती, माहीत नाही. महिन्याभरात तिनं शेजारणींना, नात्यातल्यांना, दुधवाल्याला किती वेळा तेच सांगितलं होतं.

"माझ्या मुलीनं," ती म्हणाली.

बाई बघतच राहिली. फिरदोस बाकावर थोडी सरकली आणि तिला बसायला जागा करून दिली.